बर्फाचं आहे असा कागद

आशागडमध्ये मला सगळे 'मेजर' म्हणतात. मी मेजर नव्हतो. हवालदार होतो, तोही क्लार्क. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी ज्याचा खटका दाबला असं एकच हत्यार, स्टेपलर. पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तो तिथे स्वयंपाक करत असो नाहीतर केस कापत असो. पहिल्या वर्षी मी दोन-चार जणांना दुरुस्त करून पाहिलं. त्यांना वाटलं, मेजर विनयाने बोलतायत. मग मी तो नाद सोडला. लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात, उगाच कशाला नाही म्हणा.

त्यामुळे या अंकाच्या संपादकांनी फोन करून 'सैन्यातले रोमहर्षक अनुभव' मागितले, तेव्हा बायको आतल्या खोलीत हसली ती मला स्पष्ट ऐकू आली. रोमहर्षक माझ्याकडे काही नाही. जे आहे ते फौज सुटल्यानंतरचं आहे, आणि आमच्या पडवीतल्या एका टेबलावर सुरू झालेलं आहे.

घरी परतल्यावर मी चिकूची वाडी बघायची असं ठरलं होतं. वाडीने मला पंधरा दिवसांत ओळखलं. मालती, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाली, "तुम्ही झाडाकडे फाइलसारखं बघता. त्याला सही नको असते हो, पाणी हवं असतं." वाडी तिने आपल्या ताब्यात घेतली आणि मला पडवीत टेबल लावून दिलं. "इथे बसा. कुणाचे अर्ज-बिर्ज असतील ते लिहा. फक्त झाडांच्या मधे येऊ नका." माझी दुसरी नोकरी अशी लागली. डहाणू आणि तलासरीतले माजी सैनिक कागदांनी भरलेल्या पिशव्या घेऊन यायला लागले. निम्मे नावातल्या चुका दुरुस्त करून घ्यायला, आणि निम्मे अपंगत्वाच्या दाव्यासाठी.

हा दावा म्हणजे काय, ते आधी सांगतो. भरती होताना डॉक्टर तुम्हाला नखशिखांत तपासतात आणि निरोगी असल्याचं लिहितात. सुटताना पुन्हा डॉक्टरांचं एक मंडळ बसतं, त्याला आम्ही बोर्ड म्हणतो. आत जाताना नसलेलं दुखणं बाहेर येताना असेल, आणि ते नोकरीमुळे झालं किंवा नोकरीत वाढलं असं बोर्डाने मान्य केलं, तर अपंगत्वाची पेन्शन मिळते. सुटल्यानंतर दुखणं उमगलं तरी दावा करता येतो, पुन्हा बोर्ड बसतं. पाय तुटलेला असेल तर हे सगळं त्यातल्या त्यात सोपं. पाय नाही हे कुणालाही दिसतं. नसा आणि कातडी यांचं तसं नाही. बधिर झालेली नस दिसतच नाही, म्हणून तो माणूस खोटारडा ठरतो. कातडीचं दुखणं नको तेवढं दिसतं, म्हणून तो माणूस घाणेरडा ठरतो. ज्याला ही दोन्ही असतात त्याचं काय होतं, तेच सांगायला बसलोय.

त्यात फौजी माणूस आपला दावा आपणच बुडवण्यात पटाईत. सुटायच्या बोर्डापुढे उभा असतो तेव्हा त्याच्या खिशात गावाकडच्या गाडीचं तिकीट असतं. डॉक्टर विचारतात, "कोई तकलीफ?" हा छाती पुढे काढून म्हणतो, "सब ठीक, साब!" हे तीन शब्द एकदा कागदावर चढले, की ते उतरवायला माझ्यासारख्याची वर्षं जातात.

माझं पहिलं गिऱ्हाईक भरतभाई. फौजेत गाड्या दुरुस्त करायचा, आता अच्छाडला हायवेलगत ट्रक दुरुस्त करतो. डिझेल आणि ऑइलमध्ये हात घालून घालून त्याच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या, त्यांतून रक्त यायचं. दावा केला, बोर्डाची तारीख आली. नेमका तारखेआधी दीड महिना हा बाबा बहिणीच्या लग्नासाठी गॅरेज बंद करून घरी बसला, आणि त्याच्या आईने दोन्ही वेळा त्याच्या हातांना साय चोळली. बोर्डापुढे त्याने हात पसरले, तर लग्न बहिणीचं होतं की याचं, असा प्रश्न पडावा. डॉक्टर म्हणाले, "बीमारी कहाँ है?" भरतभाईला स्वतःलाही ती सापडेना. माझ्याकडे येऊन, कपाळावर हात मारून, सगळं आईवर ढकलत आपल्या गुजरातीत म्हणाला, "मेजर, मारी बाए केस बगाडी नाख्यो!"

मी त्याला एवढंच सांगितलं, की पुढच्या तारखेपर्यंत रोजचं काम रोज कर, आणि साय आईलाच खाऊ दे. दुखणं तारखेला हजर पाहिजे. ते हजर राहिलं आणि दावा मान्य झाला. तेव्हापासून कुठेही जायचं म्हटलं की भरतभाईची जीप दारात उभी. या यशाने माझ्या डोक्यात जी हवा गेली, ती नवशाने काढली.

नवशा धोडी तलासरीच्या आतल्या एका पाड्यावरचा. सतरा वर्षं पायदळात काढून नाईक म्हणून सुटलेला, पन्नाशीच्या अलीकडचा, उंचीने बेताचा, ताठ. एका दुपारी आला आणि पडवीच्या पायरीखाली चपला काढून उभा राहिला. वर या म्हटलं तरी येईना.

"बाबूजी, मी इथूनच बोलतो."

फौजेत क्लार्कला बाबूजी म्हणतात. मेजर न म्हणता बाबूजी म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की हा अस्सल फौजी. मग मला त्याचे हात दिसले. बोटांची कातडी कुठे काळपट, कुठे पांढुरकी, आणि नको तशी तुकतुकीत. टोकांना भाजल्याचे जुने-नवे डाग. पायांचंही तेच. त्याच्या पाड्यातल्या लोकांच्या मनात जो शब्द आला होता तोच माझ्याही मनात आला. महारोग.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायलाच हवी. मी आत गेलो आणि मालतीला हळूच म्हटलं, "त्याला चहा कागदी पेल्यात दे. सत्यनारायणाचे उरलेत ना." बाहेर आली ती नेहमीचे स्टीलचे तीन पेले घेऊन. एक त्याला दिला, एक मला, आणि तिसरा स्वतः घेऊन त्याच्या शेजारी पायरीवर बसली. तो असेपर्यंत मला काही बोलली नाही. गेल्यावर बोलली. ते इथे छापण्यासारखं नाही. पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं, की तो रोग असता तरी औषधाने पूर्ण बरा होतो, आणि एका पेल्याने कुणाला होत नाही. हे मालतीला ठाऊक नव्हतं. तरी ती बसली. आमच्या घरात सैनिक कोण, ते त्या दिवशी ठरलं.

नवशाची हकीकत साधी होती. लडाखच्या बाजूला एका बर्फातल्या चौकीवर त्याने दोन हिवाळे काढले. दुसऱ्या हिवाळ्यात हातापायांची बोटं काळी पडली, कातडी सोलून निघाली. नवी आली, पण ती "आपली नाय वाटत" असं तो म्हणाला. शेतीत कळायचं नाही. विळा लागला तरी रक्त दिसल्यावर समजायचं. विडी ओढता ओढता बोट भाजायचं आणि वास आल्यावर लक्षात यायचं.

"मग तेव्हाच खाली दवाखान्यात का नाही गेलास?" मी विचारलं. मला कागदात लिहायला एखादं करारी वाक्य हवं होतं.

"खाली न्यायला हेलिकॉप्टर येतं, बाबूजी. मना हेलिकॉप्टरचं भ्याव वाटतं."

मी लिहिलं, 'चौकी सोडली नाही.' खोटं तर काही नव्हतं.

तलासरीला सरकारी डॉक्टरांनी त्याची कातडी तपासून तो रोग नाही, असं सांगितलं होतं. पण पाड्यात त्याचा उलटाच अर्थ निघाला. तपासायला गेला, म्हणजे काहीतरी असणारच. नवशाने आपलं ताट वेगळं केलं. झोपायला बाहेरच्या छपरात गेला.

"कोणी बोललं का तुला?"

"बोललं नाय. बोलायच्या आधीच मी उठलो."

मग तो मुद्द्यावर आला. त्याची एकुलती लेक सुरेखा, सासरी होती, तिला नुकते दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी येणार. सासूने आधीच निरोप पाठवला होता, की येईल, पण बापाने पोराला हात लावायचा नाही.

"पोर होईल, बाबूजी. मना उचलायला पाहिजे."

"आणि पेन्शन?"

"ती आली तं येऊ दे, नको कशाला म्हणू. पण मना कागद पाहिजे. बर्फाचं हाय असा. शिक्क्याचा."

"तलासरीच्या डॉक्टरांचा कागद आहे ना तुझ्याकडे?"

"त्यात 'नाय' लिवलंय. काय नाय ते लिवलंय. काय हाय, ते कोण लिवणार?"

मला त्याचं म्हणणं इतकं पटलं, की मी ताबडतोब कागद ओढला. त्याच्या नोकरीच्या नोंदी मागवल्या. त्या चौकीच्या औषधोपचाराच्या जुन्या वहीत एक ओळ सापडली: दोन्ही हात, दोन्ही पाय, थंडीचा त्रास, तीन दिवस विश्रांती. क्लार्कच्या आयुष्यात अशी ओळ म्हणजे काय, ते क्लार्कलाच कळेल. मी ती मालतीला तीनदा वाचून दाखवली. बोर्डाची तारीखही अनपेक्षित लवकर लागली.

आणि आता माझी चूक. तारखेआधी तीन दिवस मी नवशाला पडवीत बोलावून तयार केलं. कपडे कसे, दाढी कशी, उभं कसं राहायचं. रडगाणं गायचं नाही. डॉक्टर म्हणजे अधिकारी, त्यांनी विचारलं की मोठ्याने, स्पष्ट, 'जी साब' म्हणायचं. सराव करून घेतला. नवशा इतका सुंदर 'जी साब' म्हणायचा, की वाडीतल्या बाया वळून बघायच्या. मी खूश.

लष्कराच्या दवाखान्यात भरतभाईने जीपमधून पोचवलं. नवशा आत गेला, दहा मिनिटांत बाहेर आला, आणि पंधरवड्याने उत्तर आलं. हातापायांची संवेदना शाबूत, दावा नामंजूर. पण ते उत्तर येण्याआधीच, परतीच्या रस्त्यावर, मला ते कळलं होतं.

मनोरच्या पुढे भरतभाईची जीप तापली. त्याने बॉनेट उघडलं. नवशा मदतीला धावला, आतला एक पाइप बाजूला धरून उभा राहिला, आणि तसाच उभा राहिला.

भरतभाई ओरडला, "अरे छोड, छोड! हाथ बळी जशे!"

नवशाने पाइप सोडून तळव्याकडे पाहिलं. लाल पट्टा उठला होता. "गरम हाय काय?" त्याने विचारलं.

मी जीपमधून खाली उतरलो. "नवशा, आत डॉक्टरांनी सुई टोचली होती ना?"

"हो. डोळे मिटायला लावले नी टोचली."

"कळली?"

"नाय."

"मग काय सांगितलंस?"

"जी साब."

"अरे, पण का?"

तो माझ्याकडे आश्चर्याने बघायला लागला. "साहेबांनी विचारलं, लगता है? तुमीच तं सांगलं होतं, बाबूजी. मोठ्यानं बोलायचं."

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. माणूस इतक्या खणखणीत आवाजात हो म्हणतो, तर ते वेगळं काय लिहिणार? सतरा वर्षं फौजेने त्याला अधिकाऱ्यापुढे नाही म्हणू दिलं नव्हतं, आणि राहिलेली कसर मी तीन दिवसांत भरून काढली होती. भरतभाईने पाण्याची बाटली त्याच्या हातावर ओतली. तेही त्याला कळलं नाही. मी हायवेच्या कडेला उभा राहून ट्रक मोजत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं.

दोन महिन्यांनी सुरेखा बाळंत झाली. मुलगी. नवशाने फोन केला. "आली, बाबूजी. लांबून बघितली."

मी पुन्हा तपासणीसाठी अर्ज लिहायला बसलो. माझ्या चोवीस वर्षांत मी इतरांच्या शेकडो चुका टाइप केल्या होत्या, स्वतःची एकही नाही. या वेळी लिहिली. 'अर्जदाराने बोर्डापुढे दिलेली उत्तरे माझ्या शिकवणीमुळे चुकीची होती.' हे वाक्य पाच वेळा खोडलं. मालतीने मागून येऊन वाचलं आणि म्हणाली, "पहिल्यांदाच काहीतरी समजेल असं लिहिलंत."

पुरावा म्हणून मी त्याच्या अंगावरच्या डागांची यादी करायला त्याच्या घरी गेलो. नवशाला एकही तारीख आठवेना. त्याची बायको मथी चुलीपुढे बसली होती. ती तिथूनच सांगायला लागली. "हा अंगठ्याचा, भात लावायच्या टायमाला, चिखलातल्या काचेचा. हा होळीच्या दुसऱ्या दिवशीचा, पेटत्या लाकडाचा. हा विडीचा. हा बी विडीचा. किती सांगलं, विडी सोड. पायाचा तो, उंदरानं खाल्लं झोपेत, तवा पोरीचं लगीन ठरत होतं." एकोणीस डाग. एकही चुकला नाही, एकाही वेळी ती उठून बघायला आली नाही. मी ते सगळं 'परिशिष्ट' असं नाव देऊन जोडलं. आत बाळ रडलं. नवशा छपरातून मान लांब करून ऐकत होता.

दुसऱ्या बोर्डाला मी मथीलाही बरोबर घेतलं. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. जीपमध्ये जागा होती, आणि माझा स्वतःवरचा विश्वास उडाला होता.

या वेळी मुख्य डॉक्टर एक बाई होत्या, कर्नल. माझं पत्र त्यांच्या पुढ्यात होतं.

"इनको सिखाया किसने?"

"मैंने, मॅडम," मी दारातून म्हणालो.

"आप बाहर बैठिए."

बाहेर बाकावर मी आणि मथी बसलो. दार अर्धं उघडं होतं, आणि क्लार्कचे कान अर्ध्या दारासाठीच घडवलेले असतात. येताना जीपमध्ये मी नवशाला पन्नास वेळा बजावलं होतं, की कळलं तरच हो म्हण. त्याने पन्नास वेळा 'जी' म्हटलं होतं.

"आँखें बंद. सुई लगे तो बताना. लगी?"

"जी साब!"

"अब?"

"जी साब!"

मग मॅडमचा आवाज, "नवशा, मेरे हाथ में तो सुई है ही नहीं."

"जी साब," नवशा म्हणाला.

मी डोकं धरलं. शेजारी बाक हलला. बघतो तर मथी उठून सरळ आत शिरली होती, आणि दारावरचा शिपाई "ओ बाई, ओ बाई" करत तिच्या मागे.

"बाई, तुमी त्याला विचारू नका," ती मॅडमना म्हणाली. "साहेब लोकांना तो नाय कवाच बोलणार नाय. मना विचारू द्या. मना तो नायच बोलतो."

तोवर मीही दारात येऊन उभा राहिलो होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "क्या कह रही है?"

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, काही सुधारलं नाही. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एक स्टूल पुढे सरकवलं. "ठीक है. ये पूछेगी."

मॅडम सुई टोचायच्या, मथी विचारायची.

"हा? लागतं का?"

"नाय."

"हा?"

"नाय."

"नी हा?"

"नाय गं. सांगतो ना, नाय."

करंगळी, तळवा, तळव्याची मागची बाजू. मनगटापाशी तो थोडा घुटमळला. "जरासं." मनगटाच्या वर बोटभर गेल्यावर "आय गं!" मॅडमनी तिथे पेनाने रेघ ओढली. दुसरा हात, मग दोन्ही पाय. मी दारातच उभा राहून ऐकत होतो. चाळीस-पन्नास वेळा तो नाय म्हणाला असेल. एवढ्या नकारांनी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं काही कारण नव्हतं.

नंतर त्याच्या नसांतून बारीकसा करंट सोडून यंत्राने तपासलं. यंत्रालाही तेच दिसलं, जे मथीला दिसलं होतं. निकालाचा कागद पुढे पाच महिन्यांनी आला. नसांचं दुखणं नोकरीमुळे, असं त्यात मान्य आहे. कातडीचं अजून अपिलात आहे, आणि ते मी सोडणार नाही. पण त्या दिवशी निघताना मला निकालाला लागणारे महिने दिसत होते, आणि सहा महिन्यांची झालेली, पुढच्या आठवड्यात आईबरोबर तिच्या सासरी जायला निघालेली नवशाची नात दिसत होती. मी पुन्हा दारात उभा राहिलो.

"मॅडम, निकाल यायचा तेव्हा येईल. एक साधी चिठ्ठी मिळाली तर..." आणि मी बाळाचं सांगितलं.

अशी चिठ्ठी द्यायचा नियम नाही, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी एक कोरी चिठ्ठी ओढून त्यांनी स्वतःच्या हाताने, हिंदीत, मोठ्या अक्षरात लिहिलं, की यांचे हातपाय बर्फामुळे असे झाले आहेत, स्पर्शाने हे कुणाला होत नाही, आणि हे बाळाला मांडीवर घेऊ शकतात. खाली सही, त्यावर शिक्का. शेवटच्या ओळीसाठी कुठल्याच सरकारी फॉर्मात रकाना नाही.

संध्याकाळच्या आत आम्ही पाड्यावर पोचलो. वाटेत मी मनातल्या मनात भाषण तयार केलं होतं. सैनिक, सीमा, बर्फ, समाजाचं कर्तव्य, सगळं होतं त्यात. ओट्यावर सुरेखा होती, तिची सासू नातीला न्यायची म्हणून आधीच येऊन बसली होती, शेजारचे चार-पाच जण होते. मी खाकरलो. "मंडळी..."

सुरेखा बारावी झालेली आहे. तिने माझ्या हातातून चिठ्ठी काढून घेतली आणि स्वतःच वाचली. एकदा हिंदीत, आणि एकदा त्यांच्या बोलीत. मला भाषण गिळावं लागलं.

सुरेखाच्या सासूबाईंनी चिठ्ठी हातात घेऊन शिक्का बघितला. मग म्हणाल्या, "मंग त्या माणसाला बाहेर छपरात ठेवलाय कशाला?" जसं काही आम्हीच ठेवला होता.

कोणीतरी हसलं. सुरेखा बाळाला घेऊन बापापुढे आली. आणि नवशा दोन पावलं मागे सरला.

"नको."

"आता काय झालं?" सुरेखा म्हणाली. "शिक्का हाय ना, बाबा."

"शिक्का हाय." त्याने आपले हात पाठीमागे नेले. "पण मना पकड कळत नाय, पोरी. ढिली धरली तं पडंल. घट्ट धरली नी तिला दुखलं, तं ते बी मना कळणार नाय."

वर्षभर आम्ही लोकांची भीती घालवायला कागद गोळा करत होतो. त्याची स्वतःची भीती वेगळीच होती, आणि ती आमच्यापैकी कुणी विचारली नव्हती. माझ्या पिशवीत तिच्यावर काही अर्ज नव्हता.

मथी आतून आली. "बस खाली," ती नवऱ्याला म्हणाली. तो भिंतीला टेकून ओट्यावर बसला. तिने त्याचे हात पुढे ओढले, कोपरांत वाकवले, पदर कमरेला खोचला आणि लेकीकडून बाळ घेतलं. "बोटांनी धरू नको. कोपरात घे. इथं तुला कळतं ना? बाईनं रेघ काढली त्याच्या वर?"

"कळतं."

"मंग तिथं घे. नी नजर काढू नको. बघत ऱ्हा."

तिने बाळाला त्याच्या कोपराच्या खोबणीत ठेवलं. नवशा श्वास रोखून आपल्या हातांकडे बघत होता. चौकीवर पहाऱ्याला असताना तो असाच बघत असेल. पोरगी त्याच्याकडे बघत होती. मग तिने हात वर करून त्याच्या मिशीचा एक कोपरा पकडला आणि ओढला. नवशाने मान हलवली नाही.

आणि पोरीने मुतलं.

सुरेखा पुढे धावली. "थांब!" नवशा ओरडला. फौजेतला आवाज होता तो. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो.

"कोणी हलू नका," तो हळू म्हणाला. नजर हातावरच. "गरम लागलं. इथं लागलं." त्याने हनुवटीने कोपर दाखवलं. ओघळ हातावरून खाली निघाला होता. "इथं बी लागतं... इथं बी..." मनगटापाशी त्याने क्षणभर वाट पाहिली. ओघळ तळव्यावर आला आणि बोटांवरून खाली टपकला. "आता गेलं. आता नाय लागत."

"लागलं तेवढं बस झालं," मथी म्हणाली. तिने हात पुढे केले. "आण ती इकडं. लंगोट बदलू दे."

"नाय," नवशा म्हणाला, आणि दिली नाही.